घरच्या गॅरेजात गाडी उभी राहते, पण नंबर कुठून आणायचा?

पेडण्याहून पत्रादेवीच्या दिशेने किंवा डिचोलीहून दोडामार्गच्या दिशेने जाताना रस्त्याकडेला गॅरेजांची रांग लागते. त्यातल्या एखाद्या गॅरेजाच्या मागच्या अंगाला, फणसाच्या सावलीत किंवा निळ्या ताडपत्रीखाली, एक अर्धवट गाडी हमखास असते. चौकोनी पायपांचा सांगाडा, त्यावर कुठल्यातरी जुन्या मारुतीचे इंजिन, दोन सीटा आणि चार वेगवेगळ्या गाड्यांची चाके. ऑर्डरचे काम संपले की रात्री आठनंतर तिच्यावर हात चालतो. कोणीही बघायला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पासिंग जातलें?’

या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. पण बहुतेक वेळा ते पैसे खर्च झाल्यावर कळते. बाईक विकून, सोसायटीतून उचल घेऊन, आईचे थोडे दागिने गहाण टाकून एखादा पोरगा दीड-दोन वर्षे गाडीमागे लागतो. गाडी सुरू होते, गावात कौतुक होते, मोबाईलवर व्हिडिओ फिरतो. मग एक दिवस कोणीतरी कागद मागतो. म्हणून गाडी कशी बनते आणि ती रस्त्यावर का येऊ शकत नाही, या दोन्ही गोष्टी आधी एकत्र समजून घेतलेल्या बऱ्या.

हाताला कमी नाही

या पट्ट्यात लोखंडावर हात चालवणाऱ्यांची वानवा नाही. डिचोली, साखळी, मये, शिरगाव हा खाणपट्टा. खनिज वाहणाऱ्या टिप्परांची एक पिढी इथल्याच गॅरेजांनी चालती ठेवली. पाटे बदलणे, चासीला पट्टी मारणे, हौद्याचा पत्रा नव्याने बसवणे, डिफरन्शियल खोलणे ही इथली रोजची कामे होती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. नंतर सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. टिप्पर दारात गंजत उभे राहिले आणि गॅरेजवाल्यांच्या हातचे काम गेले. डिचोलीचा पहिला खाण ब्लॉक सुरू झाला तो २०२४ मध्ये. मधल्या काळात अनेकांनी गेट-ग्रिल, शेड, टेम्पोच्या बॉडी अशी फॅब्रिकेशनची कामे धरली.

पेडण्याकडची शाळा वेगळी. शिगम्याच्या चित्ररथांवर मान हलवणारा, हात उगारणारा, तोंड उघडणारा राक्षस बघितला असेल, तर त्यामागे मोटार, चेन, गिअर आणि वेल्डिंग यांचे किती काम असते ते वेगळे सांगायला नको. नरकासुराचेही तेच. दिवाळीच्या आदल्या रात्री जाळायच्या सांगाड्यासाठी पोरे पंधरा-पंधरा दिवस ग्राइंडर घेऊन बसतात. अशा हातांना एखादी गाडी स्वतः बनवावी असे वाटले तर त्यात नवल काही नाही.

देवराष्ट्रेची गाडी

घरी बनवलेल्या गाडीचे आपल्या भागातले सर्वांत गाजलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली. पुढचे तोंड जीपसारखे, आकार नॅनोएवढा, स्टेअरिंग डावीकडे आणि सुरू करायला स्कूटर-बाईकसारखी किक. खर्च आला सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ट्विट करून लोहारांना या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्याच ट्विटमधले एक वाक्य फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती रस्त्यावर चालवायला बंदी करतील, असे महिंद्रा यांनी स्पष्ट लिहिले होते. बोलेरोच्या बदल्याचे कारणही तेच होते. लोहारांची गाडी महिंद्रांच्या संशोधन केंद्रात पाहण्यासाठी ठेवायची आणि त्यांनी रस्त्यावर नंबर असलेली गाडी चालवायची, असा तो व्यवहार. कौतुक खरे होते आणि अडचणही खरी होती. व्हिडिओ बघून गाडी बनवायला घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नशिबी बोलेरो येते.

नंबर का पडत नाही

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन चालवता येत नाही. ‘सार्वजनिक ठिकाणी’ एवढेच तिथे लिहिलेले नाही, ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असेही शब्द आहेत. ‘आमच्याच गावच्या रस्त्यावर तर चालवतो’ हे म्हणणे म्हणून टिकत नाही. एक सूट आहे, पण ती कलम २ मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येत. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन मोटार वाहन धरले जात नाही. कुंपण घातलेल्या मोठ्या कुळागरात नारळ-सुपारी ओढणारी गाडी त्यात बसू शकेल. तीच गाडी फाटकाबाहेर दुकानापर्यंत आणली की सूट संपली.

नोंदणी करायला गेले की वाहतूक खाते काय मागते? विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला म्हणजे फॉर्म २२, विमा, पत्त्याचा पुरावा वगैरे. फॉर्म २२ देणार कोण? तो गाडीचा उत्पादक देतो, आणि उत्पादकाला तो द्यायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ खाली गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरचे आयकॅट या अशा संस्था. ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, आवाज, धूर, सीटबेल्टची पकड असे सगळे तिथे तपासले जाते. मोटारींसाठी धडक चाचणीही आहे, म्हणजे गाडी मुद्दाम आपटून बघायची. एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ धूरमान लागू आहे. वीस वर्षांपूर्वीच्या मारुतीचे इंजिन ते गाठणार नाही.

ही सगळी रचना हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. एका नमुन्याच्या तपासणीवर जो खर्च होतो तो पुढे हजारो गाड्यांत विभागला जातो. घरी एकच गाडी बनवणाऱ्याला हा खर्च एकट्यानेच सोसावा लागेल, आणि धडक चाचणीत त्याची एकुलती एक गाडी आपटावी लागेल. एकट्या माणसाच्या एकाच गाडीसाठी हलकी, वेगळी वाट आपल्या नियमांत ठेवलेली नाही.

इतर देशांत ती आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या गाडीसाठी ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ नावाची तपासणी असते. तपासनीस तुमची एकच गाडी तपासतो. काठ फार धारदार नाहीत ना, ब्रेक चारही चाकांवर नीट वाटले जातात ना, स्टेअरिंगचा सांधा सुटणार नाही ना, हे बघतो. पास झाली की नोंदणी. सुटे भाग कुठून आले ते सिद्ध करता आले नाही तर ‘क्यू’ अक्षराचा वेगळा नंबर मिळतो, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्याला कळते की हिचे वय आणि मूळ नक्की नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ पासून ‘लोटस सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या रूपातही विकली. ग्राहकाने ती घरी जोडायची. तयार गाडीवरचा कर त्यामुळे वाचत असे. तिथे हा छंद वाढला तो अशा वाटा खुल्या असल्यामुळे. आपल्याकडचे कारागीर त्यांच्यापेक्षा उणे नाहीत, तपासून घ्यायचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडे नाही.

आपल्याकडचे जुने उदाहरण इचलकरंजीचे. शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच सामान्यांना परवडेल अशी छोटी मोटार बनवायला घेतली. पहिला नमुना १९४९ चा. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते नमुना सुधारत राहिले. या गाडीचे नाव ‘मीरा’. इंजिन मागे आणि सस्पेन्शनला रबराचा वापर. सत्तरच्या दशकात तिची किंमत १२ हजारांच्या आसपास ठेवायचा विचार होता. नंबरप्लेट लावलेल्या मीराची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. तो काळ १९३९ च्या कायद्याचा होता आणि आजच्यासारखी चाचण्यांची साखळी नव्हती. मीरा कारखान्यातून बाहेर पडली नाही ती नही, पण तिचा नमुना निदान रस्त्यावर आला होता.

‘जुन्या गाडीचा नंबर लावला तर?’

गॅरेजात हा दुसरा प्रश्न. भंगारातली मारुती घ्यायची, तिचे आरसी बुक असतेच, इंजिन तेच ठेवायचे, बॉडी मात्र आपली. कागदावर मारुती, रस्त्यावर बग्गी.

कलम ५२ नेमके हेच अडवते. उत्पादकाने ठरवलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. बदल म्हणजे काय? गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचे मूळ स्वरूपच बदलेल. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे.

चासी नंबरचा तुकडा कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड करणे हा त्याहून मोठा घोळ. तो वाहतुकीचा गुन्हा राहत नाही, बनावटगिरीत जातो. हे काम करून देणारा वेल्डरही त्यात अडकतो. गॅरेजवाल्यांनी हे पक्के ध्यानात ठेवायला हवे, कारण गिऱ्हाईक गाडी घेऊन जाते आणि पोलीस येतात ते गॅरेजात.

सर्वांत जड गोष्ट विम्याची. तिसऱ्या पक्षाचा विमा कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे आणि नोंदणीच नसलेल्या गाडीला पॉलिसी कोण देणार? अशा गाडीने कोणाला ठोकर दिली तर मोटार अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनी नव्हे, मालक स्वतः भरतो. ती रक्कम लाखांत जाते. गाडी साठ हजारांची असली तरी घर-शेत पणाला लागते. नोंदणीविना गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी दोन ते पाच हजार, आणि कलम २०७ खाली पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात. दंड परवडेल, भरपाई परवडणार नाही.

सीमेवर हे आणखी चटकन उघड होते. बांदा, आरोंदा, सातार्डा, दोडामार्ग इथून रोज माणसे गोव्यात कामाला येतात. जीए-११ म्हणजे पेडणे, जीए-०४ म्हणजे डिचोली, एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्ग हे नाक्यावरच्या पोलिसाला तोंडपाठ असते. नंबर नसलेली किंवा नंबर आणि बॉडी यांचा मेळ नसलेली गाडी तिथून सुटत नाही.

आणि समुद्रकिनारा? अनेक बग्ग्या त्याच स्वप्नातून जन्माला येतात. गोव्यात किनाऱ्यावर वाहन उतरवायला बंदी आहे. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या वाळूवर चाके फिरवणाऱ्याला पोलीस सोडत नाहीत, गाडी कागदोपत्री चोख असली तरी.

बनवताना नेमके कुठे चुकते

कायदा बाजूला ठेवून निव्वळ कामाकडे बघू, कारण आवारात फिरणाऱ्या गाडीलाही वळायला आणि थांबायला लागतेच.

सुरुवात इंजिनापासून होते. बाईकचे इंजिन स्वस्त आणि हलके. पण त्याला रिव्हर्स नसतो, आणि ते वाऱ्याने थंड होणारे असते. बाईकवर वारा थेट सिलिंडरवर येतो. तेच इंजिन बॉनेटखाली कोंडले की चढावर तापते, ऑइल पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. शिवाय चेनने मागचा अखंड एक्सल फिरवला तर वळणावर दोन्ही चाके सारखीच फिरतात. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आतल्याला कमी. डिफरन्शियल नसेल तर टायर घासतात, गाडी वळायला कुरकुरते आणि एक्सलवर पीळ येतो. रिक्षाचे इंजिन त्या मानाने शहाणपणाचे, त्याला रिव्हर्सही असतो आणि डिफरन्शियलही.

त्यापुढची उडी म्हणजे मारुती. ८०० आणि ओम्नी या दोन्ही गाड्यांचे ७९६ सीसी तीन सिलिंडरचे इंजिन सारख्याच घराण्यातले, पण बांधणी उलटी. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, उभे बसवलेले. ताकद प्रॉपेलर शाफ्टने मागच्या एक्सलला जाते. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे आणि पुढची चाके फिरतात. बग्गी बनवणारे बहुतेक जण ८०० चा पुढचा सगळा भाग, म्हणजे इंजिन, गिअर बॉक्स, चाके, हब, तसाच उचलून गाडीच्या मागे बसवतात. कल्पना जुनी आणि चालणारी आहे. पण इथेच तीन सापळे आहेत.

पहिला सापळा स्टेअरिंगचा. पुढचा भाग मागे गेला तरी त्या चाकांची वळायची सोय तशीच राहते. टाय रॉड चासीला पक्के जखडले नाहीत तर मागची चाके आपल्या मर्जीने वळतात. पन्नासच्या वेगात मागचे चाक दोन अंश वळले तरी गाडी गिरकी घेते. नुसता वेल्डिंगचा टाका मारून भागत नाही. दोन्ही बाजूंना बॉल जॉइंटसह समान लांबीचे रॉड, मजबूत ब्रॅकेट आणि लॉक नट हवेत.

दुसरा ब्रेकचा. बऱ्याच मारुतींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, कारण ब्रेक मारला की वजन पुढे झुकते आणि पुढच्या चाकांनाच जास्त काम असते. पुढचा संच मागे लावला म्हणजे जोरकस ब्रेक मागे गेले. पुढे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे छोटे ड्रम बसवले तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीचे शेपूट पुढे येते. पहिल्या पावसात चिखल आणि खनिजाची लाल धूळ मिसळलेल्या डिचोलीच्या रस्त्यावर याची परीक्षा घ्यायची गरज नाही. पुढचे ब्रेक मोठे हवेत किंवा मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. अंतराचा हिशेबही समजून घ्यावा: ४० च्या वेगात गाडी थांबायला ९ मीटर लागत असतील तर ८० च्या वेगात १८ नव्हे, ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट.

तिसरा सापळा हँडब्रेकचा, आणि तो सगळेच विसरतात. मूळ गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रमला असतो. पुढचा संच मागे आणला की हँडब्रेकच राहत नाही. गाडी चढावर गिअरमध्ये लावून चाकाखाली दगड ठेवायचा, एवढीच सोय उरते.

पुढच्या चाकांचे गणित वेगळे. गाडी वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवे. कंपनीच्या गाडीत स्टेअरिंग आर्मचा कोन त्या गाडीच्या लांबीनुसार ठरवलेला असतो. किंगपिनपासून आर्मच्या टोकातून रेषा मागे काढल्या तर त्या साधारण मागच्या एक्सलच्या मध्याजवळ मिळतात. आपण गाडी दोन फूट आखूड केली आणि आर्म तेच ठेवले की ही रेषा चुकते. टायर महिन्याभरात एका कडेने खाल्ले जातात. जमिनीवर दोऱ्याने या रेषा आखून बघायला अर्धा तास पुरतो, पण फारसे कोणी बघत नाही.

सांगाड्याच्या पायपाबद्दल एकच सांगायचे. गेट-ग्रिलचा पातळ पाईप वापरू नये. तो वजन पेलतो पण हादरे पेलत नाही, आणि आधी तुटतो तो वेल्डच्या कडेला. पावसाळ्यात ओल धरलेल्या रॉडने वेल्ड केले तर आत बारीक छिद्रे राहतात, वरून टाका सुरेख दिसतो. रॉड तापवून कोरडे करूनच वापरावेत. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पाईप आतून गंजतो, बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आत पापुद्रे सुटत असतात. म्हणून पायपाची टोके पूर्ण बंद करायची. पेट्रोलची टाकी आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा हवाच. वायरिंगला फ्यूज हवेत, ही सांगायची गोष्ट नव्हे, पण सांगावी लागते.

सुटे भाग भंगारातून घेताना गाडी कोणाची होती, आरसी रद्द झाली का, हे कागद मागून घ्यावेत. मोडीत काढलेल्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द व्हायला हवी. इंजिन नंबर कोणत्यातरी चोरीच्या तक्रारीत निघाला तर सांगाडा कोणी बनवला हे नंतर विचारतात.

मग हौस भागवायची कशी

सरळ मार्ग बरेच आहेत, फक्त ते ‘शून्यातून गाडी’ इतके रुबाबदार वाटत नाहीत.

पहिला मार्ग जुनी, नंबर असलेली गाडी तिच्या मूळ रूपात परत आणण्याचा. गोव्यात याला मोठी परंपरा आहे. पोर्तुगीज काळात इथे युरोपीय गाड्या सर्रास येत. १९६१ नंतर त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि इथल्या मेस्त्रींनी त्या हिकमतीने चालत्या ठेवल्या. जीडीपासून सुरू होणारे जुने नंबर अजून एखाद्या घराच्या पोर्टिकोत दिसतात. नुवे इथल्या अश्वेक विंटेज वर्ल्डमध्ये अशा गाड्या जवळून बघता येतात. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणू नये. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढता येते.

दुसरा मार्ग बॅटरीचा किंवा गॅसचा. कलम ५२ नेच याला जागा ठेवली आहे. पण किट मान्यताप्राप्त हवे आणि त्या गाडीसाठी मंजूर झालेले हवे. ई-रिक्षाची मोटार आणि चार बॅटऱ्या आणून मारुतीत बसवल्या म्हणजे ते किट होत नाही. आरसीवर इंधनाची नोंद बदलून मिळेपर्यंत तो बदल बेकायदाच.

तिसरा मार्ग दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार. हाताने चालणारा क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर बसवून अशा गाडीची ‘ॲडॅप्टेड व्हेइकल’ म्हणून नोंद होते. सीमेवरच्या गॅरेजांनी या कामाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. खरे तर यात कौशल्यही लागते आणि गिऱ्हाईकही आहे.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तर मैदानच मोकळे आहे. बाहा एसएई इंडिया या स्पर्धेत विद्यार्थी एका माणसाची, खडबडीत मैदानावर धावणारी गाडी स्वतः आखून बनवतात. फॉर्म्युला भारतमध्ये शर्यतीच्या धर्तीची. तिथल्या तपासणीत रोल केजच्या पायपाची जाडी मोजली जाते, वेल्ड तपासले जातात, ब्रेक मारल्यावर चारही चाके जाम होतात का ते बघितले जाते. नापास झालात तर मैदानावर सोडत नाहीत. या दोन्ही स्पर्धांची नियमावली कोणालाही वाचायला खुली आहे. स्पर्धेत न उतरणाऱ्या वेल्डरलाही सांगाडा, सीटबेल्ट आणि ब्रेक यांसाठी ती उपयोगाची आहे.

जीप किंवा जुनी गाडी घेऊन कामाला बसायचे असेल तर ग्राइंडर चालवण्याआधी आरसीची प्रत घेऊन डिचोली किंवा पेडण्याच्या वाहतूक कार्यालयात जावे. रंग बदलायचा, इंजिन बदलायचे, हुड लावायचा, जे काही मनात आहे ते लिहून द्यावे आणि कोणत्या बदलाला मंजुरी मिळते ते लेखी घ्यावे. इंजिन बदलायला आधी परवानगी लागते आणि बदलल्यावर आरसीवर नोंदही. पुढे लोखंडी बुल बार आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यांची परवानगी मागायला जाऊ नये, ती मिळत नाही.